बिब्ब्याची कळ, बाईंचा घोटा

"बाई, तुम्हाला कधी लागत नाही का हो?"

हा प्रश्न मी विचारला. मी म्हणजे शरयू कुंभोजे, नववी ब, मिरज. सातवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. यंदा काय झालं कोण जाणे, आवाज फुटला तो फुटलाच. दुर्वा आणि मुबीना या माझ्या जिवाच्या मैत्रिणी. त्यांनी भडंगाच्या मोठ्या पुड्यावर पैज लावली होती, आणि मी गणिताच्या भर तासाला उभी राहिले.

उपळेकर बाईंनी काचेच्या फळ्यावरून हात खाली घेतला. 

"लागते," बाई म्हणाल्या. "पण सवय लावली की शरीर ऐकतं. तुझ्या घरी कुत्र्याचं पिल्लू आणलंय ना म्हणे, कुंभोजे?"

"हो बाई."

"मग बघ हं, ते तुझ्याआधी शिकेल."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मुलगे तर बाकं बडवून हसले. मीही हसले, कारण भडंग जिंकलं होतं.

पण त्याच तासाला, दहा मिनिटांनी, मुबीनाने करंगळी वर केली.

मुबीनाचं सांगायला हवं. आमच्या शाळेत तास चालू असताना कुणी बाहेर जायचं नाही, हा नियम. मधली सुट्टी वीस मिनिटांची, मुली चारशे आणि संडास तीन, त्यातल्या एकाला कडी नाही. म्हणून आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी उठल्यापासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. मुबीनाने हे चार वर्षं इमानेइतबारे केलं आणि जुलैत तिला ताप भरला. जंतू लघवीतून मूत्रपिंडापर्यंत चढले होते. नऊ दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: भरपूर पाणी, दर दोन तासांनी जाणं सक्तीचं.

ती चिठ्ठी मुबीनाने पुढे केली. बाईंनी वाचलीसुद्धा नाही. "ही ऑफिसात दे. माझ्या तासाला नियम सगळ्यांना एकच. आणि आत्ताच एकीने विषय काढला, लगेच दुसरीला लागली? बस खाली."

अठरा मिनिटं उरली होती. मुबीना बसली. बाराव्या मिनिटाला तिने माझा हात इतका घट्ट धरला, की तिची नखं रुतली. मग तिने हात सोडला. बाकाखालून फरशीवर एक ओघळ हळूहळू पुढे गेला आणि पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "ए, पाणी कुठनं आलं बे?"

दुसऱ्या दिवसापासून मुबीना शाळेत आली नाही. तिचे अब्बा म्हणाले, घरी बसून बाहेरून परीक्षा देईल. आणि मुबीना फोनवर म्हणाली, "शरू, त्या वर्गात मी पाय ठेवणार नाही. त्या बाई असेपर्यंत तर नाहीच."

तेव्हा मी सूड घ्यायचं ठरवलं. सूड हा शब्द मला फार आवडतो. तोंडात धरला तरी चिंचेसारखा लागतो.

आता बिब्बा. बिब्बा म्हणजे आमचं पिल्लू. काळंकुळकुळीत, म्हणून बिब्बा. बाबा वीज मंडळात आहेत, त्यांना ते रोहित्राच्या कुंपणात सापडलं. तीन महिन्यांचं, अस्सल गावठी, कान मोठे आणि अक्कल शून्य. पहिल्या आठवड्यात त्याने पायपुसणं, बाबांची पिशवी, शिलाई मशीनचं पायडल आणि माझी भूगोलाची वही पवित्र केली. बाबा वर्तमानपत्र अंथरायचे, बिब्बा वर्तमानपत्रावर झोपायचा आणि उठून शेजारच्या फरशीवर धार सोडायचा. आई त्यावर फिनेल ओतायची. फिनेलच्या वासाने तर त्याला आणखी हुक्की यायची.

शेवटी आईने तिच्या दवाखान्यातून जोडपट्टा आणला.

आई फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस आहे. टाचदुखी, गुडघेदुखी, पाठदुखी अशा सगळ्यांना नसपट्टे, म्हणजे नसेला बारीक टकटक करून दुखणं शमवणारे पट्टे, बांधून देणं हे तिचं काम. जोडपट्टा हा त्या पट्ट्यांचाच नवा भाऊ, फक्त जनावरांसाठी. तो कसा चालतो, हे तिने मला बटाटे सोलता सोलता समजावलं.

"मूत्राशय भरलं की त्याची भिंत ताणली जाते. हा ताण नस ओळखते आणि कण्यामार्फत मेंदूला कळवते, की बाबा, जा आता. पिल्लाला हे कळतं, पण कुठे जायचं ते कळत नाही. आणि आपल्याला कुठे न्यायचं ते कळतं, पण कधी ते कळत नाही. जोडपट्टा ही दोन अर्धी ज्ञानं जोडतो."

"म्हणजे?"

"पिल्लाच्या पोटाला एक पट्टा. तो आतला ताण मोजतो. दुसरा आपल्या घोट्याला. घोट्याच्या आतल्या बाजूने एक नस जाते ना, ती कण्यात जिथे पोचते तिथेच मूत्राशयाची नसही पोचते. एकाच चाळीतली शेजारशेजारची दारं समज. एका दारावर टकटक केली की दुसऱ्या घरातला उठतो. पट्टा घोट्याला बारीक टकटक करतो, आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच लागलीय."

"ईऽऽ आई!"

"ई काय? लागली की आपण उठतो, पिल्लाला उचलतो, अंगणात नेतो. बाहेर पोचेपर्यंत आपण आपोआप आवळून धरतो, हो की नाही? ते आवळणंही पट्टा वाचतो आणि उलटा निरोप पाठवतो, थांब. पिल्लाची कळ तेवढ्यापुरती शमते. आपण सैल सोडलं, की तेही मोकळं. आठ दिवसांत शिकतं म्हणतात."

सोबत माहितीचा कागद होता. मी तो वाचला नाही. आमच्या घरी यंत्राचा कागद कुणीच वाचत नाही, आई सांगते तेवढंच ऐकतो.

पहिल्या दिवशी तो पट्टा मी बांधला आणि अक्षरशः दर पाऊण तासाला उडी मारली. जेवताना, अभ्यास करताना, दात घासताना. ती खरीखुरी कळ होती! बिब्ब्याला घेऊन अंगणात धावायचं आणि त्याने पाय फाकले की मलाच सुटल्यासारखं वाटायचं. आणि तिसऱ्या दिवशी, बिब्ब्याला बगलेत मारून धावत असताना, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

उपळेकर बाईंच्या घोट्याला पट्टा होता. टाचदुखीचा. दिवसभर उभ्या राहतात, म्हणून माझ्याच आईने दोन वर्षांपूर्वी बांधून दिलेला. दोन्ही पट्ट्यांची कंपनी एक, भाषा एक, नेटवरून जगात कुठेही बोलणारे. फक्त बाईंच्या पट्ट्याचा कोड हवा. आणि आमच्या आईने दवाखान्यातल्या यच्चयावत पट्ट्यांना एकच कोड लावलेला, दवाखान्याच्या फोनचे शेवटचे चार आकडे. "म्हातारी माणसं विसरतात गं," असं तिचं म्हणणं.

अडचण एकच. जोडणी करायला पट्ट्यावरची बारीक कळ पाच सेकंद दाबून धरावी लागते. बाईंच्या पायाशी बसून ती कोण दाबणार?

ते काम सरस्वतीने केलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. आता पाट्या नाहीत, आम्ही टॅबवरच सरस्वती काढतो, पण हॉलमध्ये पायताण घालून अजूनही कुणी शिरत नाही. आणि पट्ट्याला चामड्याची वादी असते. बाईंनी चपला काढल्या, वाकून पट्टा सोडला, घडी करून उजव्या चपलेत ठेवला आणि हात जोडून आत गेल्या. चपला रांगेत लावायची ड्युटी कुणाची होती? मी मागून घेतली होती.

पाच सेकंद. आतून 'या कुन्देन्दु' चालू होतं. पट्टा एकदा हिरवा झाला. मी माझा घोटा मोकळा केला आणि बिब्ब्याची कळ बाईंच्या नावे करून टाकली.

देवीसमोर मी काय मागितलं, ते सांगत नाही.

दसऱ्यानंतरचा पहिला दिवस. मी आणि दुर्वा पुढच्या बाकावर जाऊन बसलो, नाटकाला बसतात तसं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात बिब्ब्याच्या पोटपट्ट्याचा आकडा दिसत होता: चाळीस टक्के, साठ, ऐंशी.

"शऱ्या, आता?" दुर्वाने कोपर मारलं.

"आता."

बाई समीकरण सोडवत होत्या. मध्येच थांबल्या. ओठ मिटले, फळ्याची कड धरली. त्यांच्या कपाळावर बारीक घाम आलेला मी पाहिला आणि खरं सांगते, मला अतिशय आनंद झाला. मला वाटलं आता जातील. धावत जातील, सगळ्यांच्या देखत, साडी सावरत. आणि परत आल्या की मी उभी राहून विचारणार होते, काय बाई, सवय नाही का लावली?

बाई गेल्या नाहीत.

त्यांनी एक श्वास घेतला, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "म्हणून क्ष बरोबर सात."

दुसऱ्या तासालाही नाही गेल्या. मधल्या सुट्टीतही नाही. दुर्वाने पाळत ठेवली होती, ती म्हणाली, "स्टाफरूममध्ये बसून वह्या तपासतायत. चहापण नाही घेतला. ए, पट्टा चालतोय ना नक्की?"

चालत होता. म्हणून मी दुसऱ्या दिवशी टकटक वाढवली. तीनवरून पाचवर. तिसऱ्या दिवशी सातवर. बाईंचा चेहरा पांढरा पडायचा, बोटं टेबलात रुतायची, पण पाऊल दाराकडे वळायचं नाही. मला राग येऊ लागला. सूड घेतोय आणि समोरच्याला तो लागतच नाही, याच्याएवढी चिडचिड जगात नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, जा ना, जा ना, एकदा तरी जा!

इकडे घरात मात्र नवल घडलं. बिब्बा सुधारला! दिवसभर एक थेंब नाही. बाबांची दुसरी पाळी होती, ते सकाळी घरी असायचे. ते दर तासाला मागचं दार उघडायचे, बिब्बा अंगणात जाऊन शेपटी हलवून परत यायचा. संध्याकाळी पाचनंतर मात्र असा मोकळा व्हायचा, की अळूच्या वाफ्यात डबकं साचायचं.

"चार दिवसांत शिकलं ओ पिल्लू!" बाबांनी सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला. "आमच्या शरूने शिकवलं. लई गुणाची पोर."

आत्याने उत्तर पाठवलं, आमच्या नातवालाही शिकवायला पाठव.

मी शाबासकी घेतली. कशी काय घेतली, आता कळत नाही. पण माझं सगळं लक्ष बाईंकडे होतं, घरी काय होतंय ते मी बघतच नव्हते.

सहाव्या दिवशी, शनिवारी, मी दुपारी शाळेतून आले तर बिब्बा दारात आला नाही. मशीनखाली पडून होता. उचलायला गेले तर कळवळून ओरडला. पोट असं घट्ट, जणू कुणी आत नारळ ठेवलाय. मी हाक मारली, तर शेपटीचं फक्त टोक हललं.

आईला फोन केला. रिक्षातून आम्ही दोघी डॉक्टर हुक्केरींकडे गेलो. ते जनावरांचे डॉक्टर, बोलायला तिखट. त्यांनी बिब्ब्याला बारीक नळी घातली. भांडं भरलं. शेवटी शेवटी लाल आलं.

"काय ओ मॅडम, कुणी केलं हे?" ते आईवर कडाडले. "आणखी एक दिवस गेला असता तर फुटलं असतं. एवढंसं पिल्लू, फार तर चार तास धरू शकतं. ह्याला दहा-अकरा तास धरायला लावलंय कुणी तरी!"

"आम्ही? नाही हो डॉक्टर. उलट ते शिकलं म्हणून..."

"शिकलं?" त्यांनी पोटपट्ट्यातली नोंद पडद्यावर लावली. "हे बघा. थांब, थांब, थांब. सोमवार, सकाळी सहा दहा ते संध्याकाळी पाच पाच. मंगळवार तेच. बुधवार तेच. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, वीस मिनिटांच्या वर थांब देऊ नये. ह्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस आहे? त्यालाच आधी कुठल्या तरी डॉक्टरकडे न्या!"

मला सगळं एकदम समजलं. बाई आवळून धरत होत्या, आणि पट्टा इमानदारीत तो निरोप बिब्ब्याला देत होता. थांब. मी जेवढी टकटक वाढवली, तेवढ्या बाई घट्ट झाल्या, तेवढा बिब्बा फुगला. पट्टा बनवणाऱ्याला वाटलं असेल, कुठला माणूस वीस मिनिटांपेक्षा जास्त धरेल? तो आमच्या शाळेत कधी आला नसावा.

आई पडद्यावर दुसऱ्या टोकाच्या पट्ट्याचा क्रमांक बघत होती. तो तिनेच कधीतरी स्वतःच्या हाताने नोंदवला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"घोट्याचा पट्टा उपळेकर बाईंचा आहे," ती हळू म्हणाली.

मी तिथेच, डॉक्टरांसमोर, जोडणी तोडली.

घरी आल्यावर आईने दवाखान्याचं खातं उघडून बाईंच्या पट्ट्याची जुनी नोंद काढली. टाचदुखीचा पट्टाही नस कधी आवळली, कधी सुटली हे लिहून ठेवतो. आजवर कुणी ते उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच. दोन वर्षं. शाळेचा प्रत्येक दिवस. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. बिब्बा नव्हता तेव्हाही, मी नव्हते तेव्हाही.

"जयसिंगपूरहून एसटीने येतात त्या," आई म्हणाली. "जादा तास घेऊन पाचला घरी. शाळेत बायकांसाठी संडास नाही का गं?"

"आहे. कुलूप असतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या शिपायाकडे, पाहुणे येतात तेव्हा उघडतो."

आईने नोंद मिटली. बिब्बा तिच्या मांडीवर होता, औषधाच्या गुंगीत.

मला वाटलं होतं, आता मला बाईंची दया येईल. गोष्टींमध्ये येते तशी. मी वाट पाहिली. नाही आली. मी मुबीनाला फोन केला आणि सगळं सांगितलं. बाई घामाघूम झाल्याचं ऐकून ती आधी पोट धरून हसली. बिब्ब्याचं ऐकून रडली. मग मी नोंदीचं सांगितलं.

"म्हणजे बाईपण?" ती म्हणाली.

"दोन वर्षांची नोंद आहे. आधीचं देव जाणे."

"मग तर मला जास्तच राग आला, शरू. ज्याला माहीत नाही त्याला माफ करता येतं. ह्यांना माहीत होतं ना, कसं दुखतं ते? मी बसले होते तेव्हा नेमकं काय होत होतं, हे अख्ख्या वर्गात फक्त त्यांनाच माहीत होतं!"

 माझ्या पोटात जे आठवडाभर जळत होतं, ते विझलं नव्हतं. उलट त्याला आता नीट दिशा मिळाली. बाईंना कुणी तरी शिकवलं होतं. बाई आम्हाला शिकवत होत्या. आणि मी बिब्ब्याला शिकवलं. तेच, तसंच, 'थांब' म्हणून. या रांगेत मीही एक आहे, हे मला सहन होईना. मला अजूनही सूड हवा होता. फक्त आता चोरून नको होता.

"मुबी," मी म्हणाले, "एक विचारू?" आणि आम्ही पाऊण तास बोललो.

रविवारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे दिवस मावळायच्या आत पानं वाढली. ऊन अजून ओट्यावर होतं. बाबांना आईने सगळं सांगितलेलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता आमटी कालवत होते. बिब्बा दारापाशी पडून होता. दुपारपासून तीनदा अंगणात जाऊन आला होता, आणि दोनदा फरशीवर. फरशी मी पुसली, साध्या पाण्याने.

"मी ठरवलंय," आई म्हणाली. "उद्या बाईंना पट्टा तपासायचाय म्हणून बोलावते. कोड बदलते. सगळ्याच पट्ट्यांचे बदलते. विषय संपला. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. माझी नोकरी आहे, शरू, कळतंय का तुला? पेशंटच्या पट्ट्याला हात लावलाय तू."

"आणि नववीचं वर्ष आहे," बाबा म्हणाले. "शाळेतनं नाव काढतील. गप्प राहायचं, पोरी."

"आई, कोड नक्की बदल," मी म्हणाले. "पण माझंही ठरलंय."

"तुझं काय ठरायचंय?"

माझा आवाज थोडा अडकला, सातवीत अडकायचा तसा. मी ताट बाजूला सरकवलं.

"उद्या पहिल्या तासाला मी उभी राहून बाईंना सांगणार आहे, की पट्टा मी जोडला होता. बिब्ब्याचंही सांगणार. आईला काहीच माहीत नव्हतं हे कागदावर लिहून, सही करून देणार, दवाखान्यालाही आणि शाळेलाही. मग जी शिक्षा असेल ती घेणार."

"शरू..."

"झालं नाही अजून. शिक्षा ऐकून झाली, की त्याच तासाला, बाईंना न विचारता मी वर्गातून उठून मुतायला जाणार आहे. मंगळवारीही जाणार. रोज जाणार. आणि तो कुलूपवाला संडास उघडेपर्यंत मुख्याध्यापकांच्या दारावरून जाणार. मी एकटी नाही, मुबीना उद्या शाळेत येतेय. तिने दप्तर भरलंय, पाण्याची मोठी बाटलीपण."